रेझिन वापरून दुर्मिळ मृदा धातूंच्या संकुलांचा स्थिरांक काढणे: पहिला प्रयोग, पायरीपायरीने

लॅन्थॅनम या दुर्मिळ मृदा धातूच्या द्रावणात सोडियम ॲसिटेट घातले तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. रंग बदलत नाही, गाळ पडत नाही. तरी आत काही लॅन्थॅनम आयनांना ॲसिटेटने धरलेले असते. अशा जोडीला संकुल म्हणतात, आणि धातूला धरणाऱ्याला, इथे ॲसिटेटला, लिगँड. नेमक्या किती आयनांना, हे विचारायला सल्फोनिक गटांचे धनायन विनिमय रेझिन, म्हणजे धनभारित आयनांची अदलाबदल करणारे बहुवारिकाचे दाणे, उपयोगी पडते. मोकळा त्रिभारी लॅन्थॅनम रेझिनवर घट्ट बसतो. ॲसिटेटने एक भार कमी केला की तोच आयन रेझिनला फारसा हवासा राहत नाही. ॲसिटेट वाढवत गेलो की रेझिनवरचा धातू उतरून द्रावणात येतो, आणि तो किती उतरला यावरून संकुलाचा स्थिरता स्थिरांक, म्हणजे ते किती घट्ट आहे हे सांगणारा आकडा, निघतो. १९४० च्या दशकात जॅक शुबर्ट यांनी ही पद्धत रूढ केली आणि शिकाऊ प्रयोगशाळेसाठी ती आजही उत्तम आहे. तराजू, शेकर, पीएच मीटर आणि वर्णपटमापी एवढ्यावर काम होते.

या प्रयोगातली रसायने साधी आहेत. आकडे बिघडतात ते मिठाच्या हिशेबात, म्हणून या लेखात सोडियमबद्दल जरा जास्तच वाचावे लागेल.

आधी हिशेब समजून घ्या

मोजायची राशी एकच, वितरण गुणांक. एक ग्रॅम कोरड्या रेझिनवर किती धातू बसला आणि एक मिलिलिटर द्रावणात किती उरला, यांचे ते गुणोत्तर:

वितरण गुणांक = (सुरुवातीची संहती − उरलेली संहती) ÷ उरलेली संहती × द्रावणाचे मिलिलिटर ÷ रेझिनचे ग्रॅम

लिगँड नसतानाच्या गुणांकाला डी-शून्य म्हणू आणि लिगँड असतानाच्या गुणांकाला डी. रेझिन फक्त मोकळा धातू घेते असे धरले, तर

डी-शून्य ÷ डी = १ + बीटा-१ × [ॲसिटेट] + बीटा-२ × [ॲसिटेट]चा वर्ग

बीटा-१ म्हणजे एका धातूला एक ॲसिटेट जोडल्याचा स्थिरांक, आणि बीटा-२ दोन जोडल्याचा एकत्रित स्थिरांक. चौकोनी कंसातली संहती मोकळ्या ॲसिटेटची आहे, बाटलीत ओतलेल्या एकूण ॲसिटेटची नव्हे. इथे धातू ४० मायक्रोमोलर आणि ॲसिटेट किमान ५ मिलिमोलर असल्यामुळे धातूने धरलेला ॲसिटेट नगण्य ठरतो. ॲसिटिक आम्लाच्या रूपात असलेला भाग मात्र मोजायचा नाही, कारण त्याचा प्रोटॉन अजून जागेवर आहे.

हे समीकरण तीन अटींवर उभे आहे. रेझिनवरचा धातू रेझिनच्या क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जाऊ नये, सोडियमची संहती सगळ्या बाटल्यांत तंतोतंत सारखी असावी, आणि तापमान हलू नये. पहिली अट मोडली की समतोलाची रेषा वाकते. दुसरी मोडली की नसलेले संकुल दिसू लागते.

सोडियमचा घनाचा नियम

एक त्रिभारी आयन रेझिनवर चढताना तीन सोडियम आयन खाली उतरतात. म्हणून वितरण गुणांक सोडियमच्या संहतीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. सोडियम एक टक्का वाढला की गुणांक तीन टक्के पडतो. सोडियम १० टक्के वाढला तर १.१ चा घन म्हणजे १.३३, आणि गुणांक पाऊणपटीवर येतो.

आता नवशिक्याची ठरलेली चूक पाहा. तो ०.५ मोलर सोडियम परक्लोरेटमध्ये (हे पार्श्वभूमीचे मीठ, म्हणजे आपले माध्यम) डी-शून्य मोजतो. मग त्याच माध्यमात ०.०५ मोलर सोडियम ॲसिटेट घालून डी मोजतो. ॲसिटेटसोबत आलेल्या सोडियममुळे एकूण सोडियम ०.५५ मोलर झाला. संकुल मुळीच तयार झाले नसते तरी डी-शून्य भागिले डी १.३३ आले असते, म्हणजे सुमारे ६.६ इतका खोटा बीटा-१. ॲसिटेटचा खरा स्थिरांक काही दहांच्या घरात असतो, त्यामुळे ही चूक ‘जरा जास्त आले’ म्हणून खपून जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे. जितका सोडियम ॲसिटेटमधून येईल तितका परक्लोरेटमधून कमी करायचा. खालचे मोजमाप त्याच हिशेबाने दिले आहे.

०.५ मोलरच का? सोडियम ०.१ मोलर ठेवला तर लॅन्थॅनम जवळजवळ पूर्ण रेझिनवर जातो आणि द्रावणात मोजण्याइतके काही उरत नाही. १ मोलर ठेवला तर गुणांक काही शेकड्यांवर येतो, मोजणे सोपे होते, पण दुसरी अडचण उभी राहते. लॅन्थॅनम ॲसिटेटचे पहिले संकुल द्विभारी धनायन आहे आणि तेही थोडेफार रेझिनवर बसते. मीठ जितके जास्त तितका त्रिभारी आणि द्विभारी आयनांतला फरक कमी. ०.५ मोलरला द्विभारी आयनाचा गुणांक त्रिभारीच्या अंदाजे पाच-सात टक्के असतो, १ मोलरला हे प्रमाण जवळपास दुप्पट होते. ०.५ मोलर हा दोन्हीकडून परवडणारा मध्यबिंदू आहे.

साहित्य

रेझिन स्टायरीन-डायव्हिनिलबेन्झीनचे, सल्फोनिक गटांचे, ८ टक्के आडबंध असलेले आणि १०० ते २०० मेशचे घ्या. डॉवेक्स ५०डब्ल्यू-एक्स८ हे यातले नेहमीचे नाव. जाड दाण्यांचे रेझिन समतोलाला यायला फार वेळ घेते, आणि ४०० मेशपेक्षा बारीक दाणे खाली बसता बसत नाहीत.

धातूसाठी लॅन्थॅनम ऑक्साइड, किमान ९९.९ टक्के शुद्धतेचे. सुरुवात सीरियमपासून करू नका, तो चतुर्भारी होण्याची संधीच शोधत असतो आणि मग एकाच बाटलीत दोन वेगळे धातू असल्यासारखे होते.

याशिवाय सोडियम परक्लोरेट मोनोहायड्रेट, सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल, हायड्रोक्लोरिक आम्ल, सोडियम क्लोराइड, आर्सेनाझो-३ (धातूसोबत रंग बदलणारा अभिकर्मक), फॉर्मिक आम्ल, ईडीटीएचे द्विसोडियम मीठ, हेक्सामिन आणि झायलेनॉल ऑरेंज. बाटल्या १०० मिलिलिटरच्या, पॉलिप्रॉपिलीनच्या. पीएच पाचच्या आसपास काचेच्या भिंतीला लॅन्थॅनाइड (लॅन्थॅनम आणि त्याच्या मालिकेतले धातू) चिकटतात, आणि सूक्ष्म संहतीत ती चोरी लपत नाही.

परक्लोरेट मिळत नसेल तर सोडियम क्लोराइड चालेल. क्लोराइड लॅन्थॅनाइडांशी अगदी कमजोर संकुल करते, त्यामुळे मिळणारा स्थिरांक ‘क्लोराइड माध्यमातला’ म्हणून नोंदवायचा. सल्फेट किंवा फॉस्फेट माध्यम म्हणून अजिबात नको. सल्फेट स्वतःच चांगला लिगँड आहे आणि फॉस्फेट तर धातू गाळातच नेते.

पायरी १: रेझिन तयार करणे

बाजारातून आलेल्या रेझिनमध्ये लोह आणि कारखान्यातले सेंद्रिय अवशेष असतात. २५ ग्रॅम रेझिन पाण्यात ढवळून पाच मिनिटे स्थिर ठेवा आणि वर तरंगणारे बारीक कण ओतून टाका. हे चार-पाच वेळा करा. हे कण राहिले तर पुढे पिपेटमध्ये येतात, आणि एकेका कणावर तेवढ्याच वजनाच्या द्रावणाच्या मानाने हजारो पट धातू असतो.

मग रेझिन काचनळीत भरून त्यातून २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल संथपणे सोडा, साधारण १० आकारमाने. पाण्याने धुवा. नंतर १ मोलर सोडियम क्लोराइड सोडत राहा. खालून येणाऱ्या द्रावणाचा पीएच वरून सोडलेल्या द्रावणाइतका झाला की रूपांतर पूर्ण झाले. घाईने इथे थांबलात तर रेझिनमध्ये हायड्रोजन आयन राहतात, ते नंतर बाटलीत सुटतात आणि बफर नसलेल्या डी-शून्यच्या बाटलीचा पीएच दोन एककांनी पडलेला दिसतो. शेवटी सिल्व्हर नायट्रेटने पांढरेपणा येईनासा होईपर्यंत पाण्याने धुवा.

रेझिन ओव्हनमध्ये वाळवून वापरू नका. कोरडे दाणे पाण्यात पडताच तडकतात आणि फुगायलाही वेळ घेतात. धुतलेले रेझिन गाळणीवर ओढून घ्या आणि सोडियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर बंद डेसिकेटरमध्ये पसरून काही दिवस ठेवा. वजन स्थिर झाले की घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. आता त्यातले पाण्याचे प्रमाण ठरलेले राहते. ते शोधण्यासाठी वेगळा एक ग्रॅम घेऊन ११० अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवा. समजा २० टक्के ओलावा निघाला, तर ०.१०० ग्रॅम कोरड्या रेझिनसाठी ०.१२५ ग्रॅम तोलायचे. वाळवलेला नमुना टाकून द्या.

क्षमताही एकदा मोजून ठेवा. थोडे रेझिन हायड्रोजन रूपात आणा, एक ग्रॅम कोरड्या वजनाइतके घ्या, ५ टक्के सोडियम क्लोराइडमध्ये केलेल्या ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे १०० मिलिलिटर घालून रात्रभर ठेवा आणि उरलेल्या अल्कलीचे अनुमापन करा. चांगल्या रेझिनला ग्रॅममागे पाचच्या आसपास मिलिइक्विव्हॅलंट यायला हवेत. सोडियम रूपात तोच दाणा जड होत असल्याने आकडा साडेचारच्या आसपास येतो.

पायरी २: द्रावणे

लॅन्थॅनम ऑक्साइड हवेतून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढते. कुपीतून काढून थेट तोलले तर वजन खोटे येते. ९०० अंशांवर तासभर भाजा, डेसिकेटरमध्ये थंड करा आणि लगेच तोला. ०.४०७ ग्रॅम ऑक्साइड १ मोलर परक्लोरिक (किंवा हायड्रोक्लोरिक) आम्लाच्या १० मिलिलिटरमध्ये विरघळवून २५० मिलिलिटर केले की ०.०१ मोलर लॅन्थॅनम तयार. हेक्सामिनने पीएच ५.५ वर आणून, झायलेनॉल ऑरेंज टाकून ईडीटीएने अनुमापन करा. लालसर जांभळा रंग लिंबासारखा पिवळा झाला की थांबा. आलेला आकडा लेबलवर लिहा. यातून दहापट विरळ केलेले १ मिलिमोलर द्रावण रोजच्या कामाला लागेल.

सोडियम परक्लोरेट, १.०० मोलर: लिटरला १४०.५ ग्रॅम मोनोहायड्रेट. हे मीठ ओलावा धरते, तेव्हा वजनावर विसंबू नका. २ मिलिलिटर द्रावण हायड्रोजन रूपातल्या रेझिनच्या छोट्या नळीतून सोडा, पाण्याने नीट धुऊन घ्या आणि बाहेर आलेल्या आम्लाचे ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करा. बरोबर २० मिलिलिटर लागले तर सोडियम बरोबर १ मोलर. घनाचा नियम डोक्यात असेल तर ही अर्ध्या तासाची मेहनत जड वाटत नाही.

ॲसिटेट बफर: १७.०१ ग्रॅम सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट आणि ७.२ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल, एकत्र २५० मिलिलिटर. यात ॲसिटेट ०.५ मोलर आणि आम्ल ०.५ मोलर, पीएच साडेचारच्या जवळ. या पीएचला लॅन्थॅनमचे जलअपघटन होत नाही आणि सोडियमशी स्पर्धा करण्याइतका हायड्रोजन आयनही नाही. सहाच्या वर गेलात तर, विशेषतः जड लॅन्थॅनाइडांसोबत, हायड्रॉक्साइडची संकुले मध्ये येऊ लागतात.

पायरी ३: बाटल्या भरणे

प्रत्येक बाटलीत ०.१०० ग्रॅम कोरड्या वजनाइतके रेझिन थेट तोला. बारीक दाणे स्थिर विजेने कागदाला आणि चमच्याला चिकटतात, म्हणून कागदावर तोलून ओतण्याच्या भानगडीत पडू नका. एकूण घनफळ प्रत्येक ठिकाणी ५० मिलिलिटर आणि १ मिलिमोलर लॅन्थॅनमचे २ मिलिलिटर सगळीकडे. बाकीचे असे:

– ॲसिटेट शून्य: परक्लोरेट २५.०० मिलिलिटर
– ॲसिटेट ०.००५ मोलर: बफर ०.५०, परक्लोरेट २४.७५
– ॲसिटेट ०.०१ मोलर: बफर १.००, परक्लोरेट २४.५०
– ॲसिटेट ०.०२ मोलर: बफर २.००, परक्लोरेट २४.००
– ॲसिटेट ०.०५ मोलर: बफर ५.००, परक्लोरेट २२.५०

द्रावण आधी ५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत करून मग बाटलीत ओता, मोजमाप बाटलीत करू नका. प्रत्येक संहतीच्या तीन बाटल्या, शून्याच्या पाच. डी-शून्य प्रत्येक गणितात अंश म्हणून येतो, त्यामुळे त्यातली चूक सगळ्या रांगेला लागते. शिवाय शून्य आणि ०.०५ च्या दोन बाटल्या रेझिनविना ठेवा. त्यात धातू कमी भरला तर तो भिंतीवर गेला आहे.

२ मायक्रोमोल लॅन्थॅनम म्हणजे ६ मायक्रोइक्विव्हॅलंट. ०.१ ग्रॅम रेझिनची क्षमता सुमारे ४५० मायक्रोइक्विव्हॅलंट. भार १.३ टक्के, म्हणजे मर्यादेत. वाचन मोठे यावे म्हणून धातू पाचपट करण्याचा मोह होतो, तो टाळा.

पायरी ४: हलवणे आणि नमुना काढणे

२५ अंशांच्या शेकरवर ठेवा, तापमान पाव अंशापेक्षा जास्त हलू देऊ नका. बहुतेक वेळा चार ते सहा तास पुरतात, पण गृहीत धरू नका. एका बाटलीतून २, ४, ८ आणि २४ तासांनी नमुना घेऊन आकडा कधी थांबतो ते पाहा. त्याहून पक्की परीक्षा उलट बाजूने होते. आधी धातू चढवलेले रेझिन कोऱ्या द्रावणात टाकून गुणांक काढा. दोन्ही वाटांनी तोच आकडा आला तर समतोल खरा.

हलवणे थांबवून अर्धा तास बाटली उभी ठेवा आणि वरच्या निवळ भागातून पिपेटने घ्या. गाळणकागदातून गाळू नका, कागदाच्या तंतूंवरही थोडे आयन बसतात. कण बसत नसतील तर सेंट्रिफ्यूज करा. उरलेल्या द्रावणाचा पीएच त्याच वेळी मोजून वहीत लिहा.

पायरी ५: उरलेला धातू मोजणे

आर्सेनाझो-३ चे ०.०५ टक्के द्रावण करा. १० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५ मिलिलिटर नमुना, १ मिलिलिटर १ मोलर फॉर्मेट बफर (पीएच ३), १ मिलिलिटर आर्सेनाझो-३ आणि खुणेपर्यंत पाणी. ६५० नॅनोमीटरला, धातूविना केलेल्या ब्लँकसमोर शोषण वाचा. अभिकर्मक एकटा गुलाबी असतो, लॅन्थॅनमसोबत निळा-हिरवा होतो. मधल्या जांभळट छटेवरून डोळ्यांनाही अंदाज येऊ लागतो.

इथे एक खाच आहे. ०.०५ मोलरच्या नमुन्यातला ॲसिटेट फॉर्मेट बफरमधले प्रोटॉन खाऊन टाकतो आणि पीएच ३ चा साडेतीनच्या वर सरकतो. शून्याच्या नमुन्यात तसे होत नाही. म्हणजे ज्या क्रमाने ॲसिटेट वाढतो त्याच क्रमाने रंगाची परिस्थितीही बदलते, आणि ही चूक हुबेहूब संकुलासारखी वागते. तेव्हा बफर घालण्याआधी नमुन्यात जितके मिलीमोल ॲसिटेट आहे तितकेच हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. ०.०५ मोलरच्या ५ मिलिलिटरमध्ये ०.२५ मिलीमोल, म्हणजे १ मोलर आम्लाचे ०.२५ मिलिलिटर. ०.०२ मोलरला ०.१०. प्रमाणित द्रावणेही त्याच मिठात, त्याच ॲसिटेटात आणि त्याच आम्लात करा. लोहही या अभिकर्मकाशी रंग देते. ब्लँक निळसर दिसला तर रेझिनची आम्लधुलाई अपुरी झाली आहे.

आयसीपी यंत्र (प्लाझ्मात नमुना तापवून धातू मोजणारे) हाताशी असेल तर रंगाची कटकटच नाही, फक्त अर्धा मोलर मीठ यंत्राला झेपेल इतके नमुने विरळ करावे लागतात. किरणोत्सारी अनुरेखक, उदाहरणार्थ युरोपियम-१५२, सर्वांत संवेदनशील, पण त्याला परवाना आणि वेगळी खोली लागते.

पायरी ६: गणित

समजा शून्याच्या बाटलीत ४०.० पैकी ६.९ मायक्रोमोलर उरले. डी-शून्य = ३३.१ ÷ ६.९ × ५०० = सुमारे २४००. ॲसिटेट ०.०२ मोलरला १२.४ उरले, डी = २७.६ ÷ १२.४ × ५०० = सुमारे १११३. गुणोत्तर २.१६. त्यातून एक वजा करून ॲसिटेटने भागा: १.१६ ÷ ०.०२ = ५८.

हाच आकडा बाकी संहतींना काढला आणि ०.००५, ०.०१, ०.०२, ०.०५ साठी अनुक्रमे ५०.५, ५३, ५८, ७३ आले असे धरा. उभ्या अक्षावर हे आकडे, आडव्यावर ॲसिटेट. सरळ रेषा काढून शून्याकडे वाढवली की छेद ४८ वर येतो. तो बीटा-१, त्याचा लॉगॅरिदम १.६८. उतार ५०० हा बीटा-२. कमी ॲसिटेटचे बिंदू छेद ठरवतात, पण त्यांच्यातच चूक सर्वांत मोठी असते, कारण तिथे १.२५ मधून एक वजा होतो. गुणोत्तरातली दोन टक्क्यांची चूक तिथे दहा टक्क्यांची होते. म्हणून रेषा बसवताना त्या बिंदूंना कमी वजन द्या.

रेषा वर जाण्याऐवजी उजवीकडे खाली झुकली तर द्विभारी संकुल रेझिनवर बसत आहे असे समजा. स्वीडनच्या स्टुरे फ्रोनेउस यांनी यासाठीच दुरुस्ती दिली. समीकरणाच्या उजव्या बाजूला भाजक म्हणून १ + एल × [ॲसिटेट] हे पद येते, आणि एल म्हणजे बीटा-१ गुणिले संकुलाच्या आणि मोकळ्या धातूच्या गुणांकांचे गुणोत्तर. या पदाकडे दुर्लक्ष केले तर आलेला बीटा-१ त्याच गुणोत्तराइतका, आपल्या परिस्थितीत साधारण पाच-सात टक्क्यांनी, कमी भरतो. लॉगॅरिदमात तो फरक ०.०३ च्या आत राहतो. पहिल्या प्रयोगासाठी एवढे चालवून घ्या, पण वहीत नोंदवा.

काही बिघडले तर

बाटल्याबाटल्यांत डी-शून्य दहा टक्के इकडेतिकडे होत असेल तर आधी रेझिनच्या डबीचे झाकण पाहा. उघडे राहिले की ओलावा बदलतो आणि तोललेला ग्रॅम ग्रॅम राहत नाही. डी-शून्य सगळीकडे सारखाच पण अपेक्षेहून खूप कमी येत असेल तर सोडियम जास्त आहे किंवा रेझिनचे कण पिपेटमध्ये येत आहेत. रेझिनविना बाटलीत धातू कमी भरला तर भिंत. हिशेब जुळतो का हे पाहायला वापरलेले रेझिन ४ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १० मिलिलिटरने दोनदा धुवा. या आम्लात लॅन्थॅनमचा गुणांक जेमतेम दहा असतो, त्यामुळे दुसऱ्या धुण्यानंतर रेझिनवर एक टक्काही उरत नाही. उतरलेला आणि द्रावणातला धातू मिळून ४० मायक्रोमोलरचा हिशेब लागला पाहिजे.

परक्लोरेट लागलेले रेझिन कधीही ओव्हनमध्ये घालू नका आणि तीव्र नायट्रिक आम्लाने धुऊ नका. सेंद्रिय दाणे आणि ऑक्सिडीकारक एकत्र तापले तर पेट घेतात, स्फोटही होतो.

पुढे काय

लॅन्थॅनम जमला की त्याच बाटल्यांत समॅरियम किंवा युरोपियम घाला. ॲसिटेटचा बीटा-१ लॅन्थॅनमपासून समॅरियम-युरोपियमपर्यंत वाढतो आणि पुढे वाढ थांबून किंचित उतरतो. ईडीटीएसारखा लिगँड मात्र मालिकेच्या टोकापर्यंत घट्ट होत जातो: स्थिरांकाचा लॉगॅरिदम लॅन्थॅनमला १५.५, ल्युटेशियमला १९.८. एवढ्या बळकट संकुलाला ही बाटली पीएच साडेचारला पुरत नाही, सगळा धातू द्रावणातच राहतो. पीएच २ वर उतरलात तर ईडीटीएचे बहुतेक रेणू प्रोटॉनांनी अडलेले असतात, लॅन्थॅनमचा परिणामी स्थिरांक शंभराच्या आसपास येतो आणि पद्धत पुन्हा चालते. मात्र तिथे हायड्रोजन आयन ०.०१ मोलर असतो, तोही सोडियमसोबत मोजावा लागतो, आणि प्रोटॉन असलेले संकुलही गणितात घ्यावे लागते.

नुसत्या रेझिनला शेजारचे दोन लॅन्थॅनाइड जवळजवळ सारखेच वाटतात. स्तंभात ते वेगळे होतात ते लिगँडमुळे: सिट्रेट किंवा अल्फा-हायड्रॉक्सीआयसोब्युटिरिक आम्ल सोडले की ल्युटेशियम आधी बाहेर येतो आणि लॅन्थॅनम शेवटी. १९४५ मध्ये अमेरिकेत ओक रिजला मॅरिन्स्की, ग्लेंडेनिन आणि कोरयेल यांनी मूलद्रव्य ६१, म्हणजे प्रोमेथियम, ओळखले ते आयन विनिमयाच्या स्तंभातूनच. बाटलीत काढलेले बीटा हाताशी असतील तर कोणता धातू स्तंभातून कुठे उतरेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. स्थिरांक लिहिताना त्याच्याशेजारी तापमान, माध्यम, त्याची संहती आणि पीएच लिहा. वापरलेले रेझिन आम्लाने उतरवून परत सोडियम रूपात आणा आणि पाण्याखाली, बंद बाटलीत ठेवा.